उशिरा उमगलेले ध्यानचंद

सन १९२८ च्या मार्च महिन्याच्या १० तारखेस ‘कैसर-इ-हिंद’ ही आगबोट मुंबई बंदरातून विलायतेकडे निघाली. तिच्यावर ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी चाललेला हिंदुस्थानचा हॉकीसंघ होता. निरोप देण्यास धक्क्यावर अवघी तीन माणसे हजर होती : हॉकी फेडरेशनचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक क्रीडावार्ताहर. प्रयाणापूर्वी मुंबईच्या संघाने याच खेळाडूंना तीन विरुद्ध दोन गोलांनी हरविले होते. ज्यांना घरच्याच मंडळींनी पाणी पाजले ते परमुलखात काय दिवे लावणार, असा हिशेब शहराने केला असल्यास त्याला फारसा दोष देता येत नाही. आघाडीच्या फळीच्या मध्यभागी खेळणारे बावीस वर्षांचे लष्करी शिपाई ध्यानचंद यांना त्या सामन्यात मुंबईकरांनी समोरासमोर पाहिले होते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

मुंबईस हॉकी अपरिचित नव्हती. आगाखान चषकाचे सामने तेथे १८९६ पासून चालू होते. महाराष्ट्रात इतरत्र मात्र हा खेळ पलटणींच्या मागोमाग फिरला. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी अशा छावण्यांच्या आसपास तो रुजला. पुढे धनराज पिल्लै यांच्यासारखा खेळाडू खडकीत जन्मास यावा, हे त्या परंपरेस धरूनच झाले. छावणीपासून दूर असलेल्या मुलखास या खेळाची ओळख होण्याचे कारणच नव्हते.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला घ्या. पंढरपूरहून मिरजेस जाणारा बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद फाटा १९२७ मध्ये खुला झाला, तेव्हा या गावास आगगाडी लाभली. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या आदल्याच वर्षी. बाहेरच्या जगाची वार्ता त्या चिमुकल्या गाडीने यायची. माणदेशच्या या कोरड्या मुलखात पारख करण्याची विद्या कमी नाही. खिल्लार बैलाची शिंगे, खांदा आणि चाल पाहून जाणता माणूस बाजारात त्याची किंमत सांगतो. जत्रेच्या फडात दोन पैलवान खडाखडी करू लागले की कोण कोणास भारी पडणार, हे माती झटकण्यापूर्वीच ओळखतो. पण ही सारी पारख एका देहापुरती असते. कुस्तीत पाठ मातीस लागली की निकाल झाला, आणि ती कोणी लावली याविषयी वाद उरत नाही. हॉकीत चेंडू जाळ्यात जातो एकाच्या हाताने आणि त्याची वाट मोकळी केलेली असते दुसऱ्याने, पंधरा-वीस कदम मागून. ही वाट मोकळी करणारा डोळ्यांत भरत नाही. मुंबईकर प्रेक्षकाची नजर आणि सांगोल्याच्या फडातील नजर यांत या बाबतीत फारसे अंतर नसावे.

मग आकडे आले. ॲमस्टरडॅमला पाच सामने झाले. हिंदुस्थानने एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांतील चौदा एकट्या ध्यानचंद यांचे होते. अखेरच्या सामन्यात, २६ मे रोजी, यजमान हॉलंडवर तीन गोलांनी मात झाली. त्या दिवशी ध्यानचंद अंगात ताप असताना खेळले. संघ परतला तेव्हा तेच मुंबई बंदर माणसांनी फुलून गेले होते. त्या गर्दीतील बहुतेकांनी हॉलंडमधील एकही सामना पाहिला नव्हता. नभोवाणी मुंबईत १९२७ मध्ये सुरू झाली होती खरी, पण परदेशातील सामन्याचे धावते वर्णन घरबसल्या ऐकण्याचे दिवस अजून दूर होते. लोक आले ते आकडे वाचून.

आकड्यांनी जी कीर्ती मिळते तिला दंतकथा फार लवकर चिकटतात. ध्यानचंद यांच्या काठीत लोहचुंबक आहे, ती फोडून पाहिली. तिला सरस लावलेला असतो. हिटलरने जर्मन सैन्यात मोठ्या हुद्द्याचे आमिष दाखविले. अशा गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. पहिल्या दोन तर भाबड्या आहेत. हिटलरची कथा ऐकण्यास गोड असली तरी तिला समकालीन पुराव्याचा भक्कम आधार नाही. या कथांनी एक नुकसान मात्र खचित केले. काठीतच जादू आहे असे एकदा मानले, की ती धरणाऱ्याचे श्रम पाहण्याची गरज उरत नाही.

ते श्रम झाशीच्या सामान्य शिपायाच्या घरातील होते. ज्या झाशीकडे मराठी वाचक गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधून पाहतो, त्या झाशीत ध्यानचंद वाढले. जन्म अलाहाबादचा, २९ ऑगस्ट १९०५ चा; वडील लष्करात. १९२२ मध्ये सोळाव्या वर्षी ते शिपाई म्हणून भरती झाले, तोवर नाव घेण्याजोगी हॉकी ते खेळले नव्हते. सुभेदार बाळे तिवारी यांनी त्यांना पलटणीत हा खेळ शिकविला. १९२६ मध्ये लष्करी संघ न्यूझीलंडला गेला, एकवीसपैकी अठरा सामने जिंकून आला आणि ध्यानचंद यांना लान्स नाईकचा हुद्दा मिळाला. संपूर्ण देशाची हॉकी फेडरेशन तर आदल्याच वर्षी, १९२५ मध्ये, शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत स्थापन झाली होती.

१९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेवर चोवीस विरुद्ध एक असा विजय मिळाला. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे थोडे आहे, कारण प्रतिपक्ष फारच दुबळा होता. बर्लिनची गोष्ट निराळी. १९३६ साली ध्यानचंद कर्णधार होते आणि सरावाच्या सामन्यात जर्मनीने त्यांच्या संघाचा चार विरुद्ध एक असा पराभव केला. खरा सामना पावसामुळे एक दिवस लांबून १५ ऑगस्टला झाला. मध्यंतरापर्यंत हिंदुस्थानचा अवघा एक गोल झाला होता. नंतर ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट उतरविले आणि खेळाचा रंग पालटला. निकाल आठ विरुद्ध एक. मधल्या फळीत त्या दिवशी पुण्यात जन्मलेले बाबू निमल होते, ही गोष्ट पुणेकरांनाही सहसा आठवत नाही. त्या आठांतले ध्यानचंद यांचे गोल किती, तीन की सहा, यावर नोंदींत एकमत नाही. ज्यांची थोरवी गोलांवर मोजायची त्यांच्या सर्वांत गाजलेल्या सामन्याची ही अवस्था आहे.

सरकारी मानमरातबही सावकाश आले. ‘गोल’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९५२ मध्ये निघाले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्याच साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. अंत्यविधी झाशीच्या हीरोज मैदानावर झाला. दिल्लीच्या क्रीडागारास त्यांचे नाव, जन्मदिवस हा राष्ट्रीय क्रीडा दिन आणि २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्कारास त्यांचे नाव, हे सारे मरणोत्तर. २०१४ मध्ये भारतरत्न प्रथमच एका खेळाडूस देण्यात आले, तो मान मुंबईच्या सचिन तेंडुलकरांना लाभला.

ध्यानचंद यांनी स्वतः आपला सर्वोत्तम सामना म्हणून ना ॲमस्टरडॅमचे नाव घेतले, ना बर्लिनचे. त्यांनी निवडला तो १९३३ चा कलकत्त्यातील बायटन चषकाचा अंतिम सामना, कलकत्ता कस्टम्स विरुद्ध झाशी हीरोज. कस्टम्सने झाशीला दाबून धरले होते. ध्यानचंद मध्यमैदानातून अचानक निसटले आणि त्यांनी बचावाची फळी भेदून एक लांब चेंडू इस्माईलकडे सोडला. इस्माईल अर्धे मैदान धावत गेला. समोरचा हाफ आणि गोलरक्षक यांची गफलत झाली, आणि सामन्यातला एकमेव गोल इस्माईलच्या नावे लागला.