रक्ताची साक्ष

शास्त्रीय परिभाषेंतील एखादा शब्द सामान्य माणसाच्या तोंडीं रुळावयास साधारणतः एक पिढी तरी लोटावी लागते. 'पेनिसिलिन' हा शब्द पिंपरीच्या परिसरांत असाच सावकाश रुळला. १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढील वर्षीं त्यांतून पेनिसिलिन बाहेर पडूं लागलें, आणि मग हळूहळू तें नांव घरगुती झालें. 'डी-डायमर' ह्या शब्दास मात्र इतकी सवड मिळाली नाहीं. मार्च २०२० मध्यें पिंपरी-चिंचवड शहरांत कोविडचे पहिले रोगी आढळले. आणि २०२१ च्या उन्हाळ्यांतील दुसरी लाट ओसरण्यापूर्वींच भोसरीचा फिटर, चाकणला मोटारींची जुळणी करणारा कामगार आणि हिंजवडीचा संगणक-अभियंता हे तिघेही आपल्या आप्ताच्या रक्तांतील डी-डायमर किती, हें एकमेकांस विचारूं लागले होते.

अंक हातीं आला कीं माणसास धीर तरी येतो किंवा धडकी तरी भरते. परंतु प्रत्येक अंक हें कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर असतें; प्रश्न विसरून उत्तर वाचलें तर तें खरें असूनही दिशाभूल करतें. फुप्फुसांत अडकलेल्या रक्ताच्या गुठळीसंबंधीं वैद्यास दोन निराळे प्रश्न पडतात. गुठळी आहे कीं नाहीं, हा पहिला. आणि असल्यास तिच्यापासून रोग्याच्या जिवास धोका किती, हा दुसरा. ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें रक्तांतील निरनिराळीं द्रव्यें देतात. हा भेद नीट उमगावयास वैद्यकास सुमारें दीडशें वर्षें लागलीं. तो कसा उमगला, हेंच प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ह्या विकारास 'फुप्फुसाचें अंतर्कीलन' असें म्हणतां येईल. कील म्हणजे पाचर. गुठळी बहुधा पायाच्या किंवा कटिप्रदेशाच्या खोल नीलेंत धरते. मोडलेला पाय प्लॅस्टरमध्यें घालून आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळलेला मनुष्य, मोठी शस्त्रक्रिया झालेला रोगी, नुकतीच बाळंत झालेली स्त्री, कर्करोगानें जर्जर झालेला वृद्ध, ह्यांस तिचें भय अधिक. तेथून ती सुटते, महानीलेवाटे हृदयाच्या उजव्या बाजूंत शिरते आणि पुढें फुप्फुसाच्या रोहिणींत जाऊन पाचरीप्रमाणें बसते. आज हें सहज पटतें. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुठळी जेथें सांपडली तेथेंच ती जन्मली, असें बहुतेक वैद्य मानीत. बर्लिनच्या शारिते रुग्णालयांत शवविच्छेदन करणाऱ्या तरुण रूडोल्फ फिरखोनें १८४६ पासून ही समजूत मोडून काढली. फुप्फुसांतील गुठळ्या आणि नीलांतील गुठळ्या ह्यांचा संबंध त्यानें प्रेतांत शोधला; कुत्र्यांच्या नीलांत रबराचे तुकडे सोडून ते फुप्फुसांत जाऊन पोंचतात हें दाखविलें; आणि 'थ्रॉम्बोसिस' व 'एम्बोलिझम' हे दोन शब्द वैद्यकास दिले.

फिरखोची साक्ष मात्र मृतांची होती. जिवंत रोग्याच्या उशाशीं बसलेल्या वैद्यास तिचा उपयोग थोडा. एकाएकीं दम लागला, छातींत कळ आली, नाडी धांवूं लागली, तर तो हृदयविकार, फुप्फुसदाह कीं गुठळी, हें तर्कानेंच ठरवावें लागे. १९०८ सालीं ट्रेंडेलेनबुर्ग ह्या जर्मन शस्त्रवैद्यानें छाती उघडून गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया योजिली. पण तिच्यांतून पूर्ण बरा होऊन घरीं गेलेला रोगी पाहावयास १९२४ साल उजाडावें लागलें, आणि तें यश किर्शनर ह्या त्याच्या शिष्यास लाभलें. दरम्यान १९१६ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जे मॅक्लीन हा विद्यार्थी हाउएल ह्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतां रक्त गोठूं न देणारें द्रव्य हातीं लागलें. तेंच पुढें हेपॅरिन ह्या नांवानें औषध झालें. त्याचा निःसंदिग्ध गुण १९६० सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें बॅरिट व जॉर्डन ह्यांनीं दाखविला. रोगी अवघे ३५. ज्यांस औषध दिलें नव्हतें त्या १९ पैकीं ५ जण गुठळीनें दगावले. ज्यांस दिलें त्या १६ पैकीं गुठळीनें कोणीही दगावला नाहीं. औषध सिद्ध झालें, पण तें कोणास द्यावयाचें हें ओळखण्याचें भरंवशाचें साधन अजून नव्हतें.

त्याच सुमारास रक्तालाच बोलतें करण्याचा एक प्रयत्न झाला. १९६१ सालीं अमेरिकेंतील वॅकर व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक त्रिक सुचविलें: रक्तांत एलडीएच आणि बिलिरुबिन वाढलेलें असावें, आणि एसजीओटी मात्र प्रमाणांत असावें, म्हणजे विकार हृदयाचा नसून फुप्फुसांतील गुठळीचा समजावा. ही कल्पना चतुर होती आणि कांहीं काळ ती मानलीही गेली. पण अनुभवांत ती टिकली नाहीं. गुठळी असलेल्या पुष्कळांत हें त्रिक आढळेना, आणि नसलेल्यांतही तें आढळे. कारण उघड होतें. एलडीएच हें यकृतांत आहे, स्नायूंत आहे, तांबड्या पेशींत आहे. तें वाढलें म्हणजे शरीरांत कोठें तरी पेशी मोडल्या, एवढेंच समजतें. साक्षीदार खोटा नव्हता; पण घटना कोठें घडली, हें त्यास सांगतां येत नव्हतें.

डी-डायमरचा जन्म ह्याच उणिवेंतून झाला. रक्त गोठतें तेव्हां फायब्रिन नांवाच्या प्रथिनाचें जाळें विणलें जातें, आणि त्याचे धागे रक्तांतील तेरावा घटक एकमेकांस घट्ट सांधतो. हें जाळें कायम राहूं नये अशीही शरीराची योजना आहे. प्लाझ्मिन नांवाचें द्रव्य त्याचे तुकडे पाडतें. ह्या तुकड्यांस १९६१ पासून इंग्रजी अक्षरांचीं नांवें मिळालीं. सांधलेल्या धाग्यांतील दोन 'डी' तुकडे तुटल्यावरही जोडीनेंच राहतात. ही जोडी म्हणजे डी-डायमर. ती रक्तांत सांपडली, म्हणजे शरीरांत कोठें तरी जाळें पक्कें विणलें गेलें व उसवलें गेलें, हें सिद्ध होतें. १९७५ सालीं कोलर व मिल्स्टाइन ह्यांनीं एकाच लक्ष्यास चिकटणारीं प्रतिद्रव्यें बनविण्याची युक्ति शोधली. तिच्या साहाय्यानें १९८३ सालीं ऑस्ट्रेलियांतील रायलॅट व त्याच्या सहकाऱ्यांनीं ही जोडी नेमकी मोजण्याची रीत काढली.

तथापि जाळें केवळ गुठळींतच विणलें जातें असें नाहीं. जखम भरतांना, गरोदरपणांत, जंतुसंसर्गांत, कर्करोगांत, शस्त्रक्रियेनंतर, इतकेंच काय पण नुसत्या वाढत्या वयांतही डी-डायमर चढतो. म्हणून ह्या परीक्षेचें खरें बळ तिच्या नकारांत आहे. लक्षणांवरून संशय थोडा असावा आणि अंक मर्यादेखालीं असावा, तर गुठळी नाहीं असें बव्हंशीं निर्धास्तपणें म्हणतां येतें, आणि रोग्याचा सीटी स्कॅन वांचतो. वृद्धांस ही मर्यादा अन्यायाची होते असें दिसून आल्यावर पन्नाशीनंतर वयास दहानें गुणून ती ठरवावी, असा नियम पुढें आला, आणि २०१४ सालच्या एका मोठ्या पाहणीनें तो उचलून धरला. नेहमींच्या ५०० ऐवजीं सत्तर वर्षांच्या मनुष्यास ७००. गुठळी मोठी असल्यास अंकही बहुधा मोठा असतो, हें खरें. पण त्याच्या चढण्यास दुसरीं कारणें इतकीं आहेत कीं, धोका मोजण्याची काठी म्हणून त्यावर एकट्यावर विसंबतां येत नाहीं.

कोविडच्या काळांत नेमका हाच घोटाळा झाला. मार्च २०२० मध्यें चीनमधील वूहान येथील १९१ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. दाखल होतांना ज्यांचा डी-डायमर १ मायक्रोग्रॅमहून अधिक होता, त्यांस मृत्यूचें भय पुष्कळ जास्त, असें तींत आढळलें. तेव्हां हा अंक कोविडच्या तीव्रतेचा दर्शक झाला, आणि तो उगाच झाला नाहीं. पिंपरींत संत तुकारामनगरचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय कोविडसाठीं राखून ठेवावें लागलें. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर सुमारें ८०० खाटांचें तात्पुरतें रुग्णालय उभें राहिलें. अशा गर्दींत दर रोग्याचा सीटी स्कॅन कोठून व्हावा? रक्ताचा थेंब मात्र सर्वांचा घेतां येई. हळूहळू अंक वाढला म्हणजे फुप्फुसांत गुठळी आहेच, आणि दुप्पट वाढला म्हणजे धोका दुप्पट, असें घरोघर समजलें जाऊं लागलें. ह्यांतील एकही अनुमान शास्त्रानें काढलेलें नव्हतें.

त्यांत परिमाणांची भर पडली. एक प्रयोगशाळा ५०० लिही, दुसरी ०.५, तिसरी २५०. आणि तिन्ही आंकडे एकाच रक्ताचे असूं शकत. पहिले दोन फायब्रिनोजेनच्या मापानें, एक नॅनोग्रॅममध्यें व दुसरा मायक्रोग्रॅममध्यें; तिसरा डी-डायमरच्याच मापानें, म्हणून जवळजवळ निम्मा. आज एका ठिकाणीं व उद्यां दुसऱ्या ठिकाणीं रक्त तपासून घेणाऱ्या कुटुंबास आपला रोगी रातोरात सुधारला किंवा खालावला, असें वाटल्यास नवल नव्हतें. ज्या पट्ट्यांत मिलिमीटर आणि इंच ह्यांची गल्लत झाल्यास सुटा भाग बाद होतो, तेथील लोकांस ह्या दोषाचें गांभीर्य निराळें समजवावयास नको. २०२१ सालीं हेपॅरिनच्या मोठ्या चांचण्यांचे निष्कर्ष आले. मध्यम आजारी कोविड-रोग्यांस पूर्ण मात्रेचा लाभ झाला, आणि तो डी-डायमर कमी असलेल्यांस व जास्त असलेल्यांस सारखाच. अत्यवस्थ रोग्यांस मात्र झाला नाहीं. म्हणजे उपचाराची सीमारेषा ह्या अंकावरून आंखतां आली नाहीं.

मग गुठळीचा धोका कोणत्या द्रव्यावरून कळतो? ह्याचें उत्तर मिळालें तें गुठळीकडील दृष्टि काढून हृदयाकडे लावल्यावर. कारखान्यांतील जाणता माणूस नळींत कचरा किती अडकला हें पाहावयास नळी कापीत नाहीं. पंपाची मोटर किती विद्युत् ओढते आणि किती तापते, तें पाहतो. हृदयाचा उजवा कप्पा हा असाच हलक्या कामाचा पंप आहे. फुप्फुसांतील रक्ताचा दाब सर्वांगाच्या दाबाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढ्याच कामापुरती त्याची भिंत पातळ. पुढील वाट एकाएकीं तुंबली कीं तो फुगतो, त्याच्या स्नायूस रक्त पुरेनासें होतें, आणि डाव्या बाजूस रक्त न पोंचल्यानें सर्वांगाचा दाब कोसळतो. लहानच गुठळी दुबळ्या हृदयाच्या वृद्धास मारते आणि मोठीही गुठळी धडधाकट तरुण सोसतो, ह्याचें मर्म येथें आहे.

ह्या तिन्ही पायऱ्यांची रक्तांत खूण उमटते. कप्पा ताणला गेला कीं बीएनपी हें द्रव्य वाढतें. जपानी संशोधकांनीं १९८८ सालीं तें डुकराच्या मेंदूंत प्रथम शोधलें, पण त्याचें मुख्य उगमस्थान हृदय ठरलें. स्नायूस इजा झाली कीं ट्रोपोनिन स्रवतें. तें मोजण्याची रीत हायडेलबर्गच्या काटुस व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं दिली. सर्वांगास रक्त कमी पडूं लागलें कीं लॅक्टेट चढतें. २००० सालीं जियानित्सिस, काटुस प्रभृतींनीं गुठळी सिद्ध झालेल्या ५६ रोग्यांत ट्रोपोनिन मोजलें. तें वाढलेले १८ निघाले. त्यांत रुग्णालयांतच मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४४, आणि उरलेल्यांत शेंकडा ३. पाहणी लहान होती, पण फिरखोनें प्रेतांत वाचलेली कथा आतां जिवंत रोग्याच्या रक्तांत वाचतां येऊं लागली.

ही माहिती केवळ भविष्य वर्तविण्यापुरती असती तर तिचें महत्त्व बेताचेंच राहतें. गुठळी विरघळविणारें औषध जवळ असल्यानें प्रश्न बिकट होतो. तें रक्तस्राव घडवितें, क्वचित् मेंदूंतही. ज्याचा दाब कोसळला आहे त्यास तें द्यावें, ह्याबद्दल दुमत नाहीं; जो सुखरूप आहे त्यास देऊं नये, ह्याबद्दलही नाहीं. पेंच आहे तो मधल्या रोग्याचा: दाब टिकून आहे, पण उजवा कप्पा फुगला आहे आणि ट्रोपोनिन वाढलें आहे. अशाच १००६ रोग्यांवर टेनेक्टेप्लेज ह्या औषधाची युरोपांत चांचणी झाली. निष्कर्ष २०१४ सालीं आले. हेपॅरिनबरोबर तें मिळालेल्यांत आठवड्याच्या आंत मृत्यु किंवा रक्ताभिसरणाचा ऱ्हास शेंकडा २.६, केवळ हेपॅरिन मिळालेल्यांत ५.६. परंतु पक्षाघात पहिल्यांत शेंकडा २.४ आणि दुसऱ्यांत केवळ ०.२. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घ्यावें, तसा हा प्रकार. म्हणून युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या नियमांत अशा रोग्यास हेपॅरिन देऊन डोळ्यांत तेल घालून पाहारा करावा, आणि प्रकृति ढासळूं लागतांच विरघळविण्याचा उपाय करावा, असें सांगितलें आहे. हेंच टेनेक्टेप्लेज हिंजवडींतील जेनोव्हा ही कंपनी, मुख्यत्वें हृदयविकाराच्या झटक्यासाठीं, तयार करते. बुरशीपासून पेनिसिलिन काढणाऱ्या पिंपरीपासून जवळच अशा प्रथिनांचें औषध निपजावें, ही ह्या परिसराच्या उद्योगाची मोठी मजल आहे. पण औषध हाताशीं असलें म्हणजे तें कोणास देऊं नये हें जाणण्याची जबाबदारीही वाढते.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २०१० सालीं स्पेनमधील हिमेनेस व त्याच्या सहकाऱ्यांनीं धोका मोजण्याची जी सोपी रीत दिली, तींत रक्ताची एकही परीक्षा नाहीं. वय ८० हून अधिक आहे काय, कर्करोग आहे काय, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार आहे काय, नाडी ११० किंवा अधिक, वरचा दाब १०० हून कमी, प्राणवायूचें प्रमाण ९० हून कमी आहे काय, एवढेच सहा प्रश्न. सहांचें उत्तर 'नाहीं' आलें तर महिन्याभरांत मृत्यूचा संभव शेंकडा एकाच्या आसपास. हीं मापें घेण्याचें साहित्य गांवच्या दवाखान्यांतही असतें, आणि कोविडनंतर प्राणवायू मोजण्याचें यंत्र तर कित्येक घरांतही आहे. रक्ताची साक्ष घ्यावयाची ती ह्या प्रश्नांनंतर, आणि कोणत्या द्रव्यास कोणता प्रश्न विचारावयाचा तें ठरवून. डी-डायमरला गुठळीचा नकार विचारावा. हृदयाची पीडा ट्रोपोनिन व बीएनपी ह्यांस विचारावी. पुढल्या साथींत घरोघर पुन्हां आंकडे येतील. ते कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहेत, हें विचारण्याची संवय तोंवर लागली, तर पुष्कळ घरांतील भय कमी होईल आणि जेथें तें असावयास पाहिजे तेथें तें वेळेवर उत्पन्न होईल.