बाकानाए: भाताचा रोग आणि जिबरेलिनचा शोध

जपानी भातशेतीत ‘बाकानाए’ हा रोग जुना. रोगट रोप शेजारच्या रोपांहून उंच, पण फिकट आणि लुकडे वाढते. दाणा भरण्याआधीच बहुधा मरते. यामागे बुरशी असल्याचे होरी शोतारो यांनी १८९८ मध्ये दाखवले. खरी उकल तैवानमध्ये झाली. तिथे कुरोसावा एइइची यांनी १९२६ मध्ये बुरशी वाढवलेला द्रव गाळून निरोगी रोपांना दिला, आणि बुरशी नसतानाही ती तशीच उंचावली. त्यातल्या द्रव्याला याबुता तेइजिरो यांनी १९३५ मध्ये जिबरेलिन नाव दिले. पाश्चात्त्य प्रयोगशाळा मात्र १९५० च्या दशकात जाग्या झाल्या. तेव्हा कळले की हे संप्रेरक वनस्पती स्वतःही बनवतात. बुरशीने त्यांचेच हत्यार त्यांच्यावर चालवले होते.

हे हत्यार असे चालते: वनस्पतीच्या पेशीतली ‘डेला’ नावाची प्रथिने वाढीला लगाम घालतात, जिबरेलिन त्यांचा नाश घडवते. पण हीच प्रथिने जॅझ नावाच्या प्रथिनांना अडकवून जॅस्मोनेट या संरक्षक संप्रेरकाचा मार्ग मोकळा ठेवतात. डेला घटली की वाढ सुटते आणि जॅस्मोनेटचा बचाव दुबळा होतो. उलट, सॅलिसिलिक आम्लावर चालणारा बचाव बळावतो, हे २००८ मध्ये अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या वनस्पतीत दिसले. त्यामुळे ‘वाढ की संरक्षण’ हा सरळ हिशेब अपुराच ठरतो.

बाकानाएच्या उलट, १९६६ च्या ‘आयआर-८’ या बुटक्या भातात जिबरेलिन कमी बनते. कारणीभूत जनुक २००२ मध्ये ओळखले गेले. नाशिकच्या द्राक्षबागांत मात्र तेच जिबरेलिन ‘जीए’ म्हणून मणी फुगवायला वापरतात.