दोन आकड्यांमधला वेळ

मुंबईतील जुगाराचा इतिहास आजवर बहुधा त्या धंद्यातील नामांकित व्यक्तींभोवती, पोलिसांच्या छाप्यांभोवती आणि कायद्याच्या कलमांभोवती लिहिला गेला आहे; परंतु पैसा लावणे आणि निकाल कळणे यांच्यामध्ये किती वेळ जात असे, या एकाच प्रश्नाचा धागा धरला, तर पायधुणीच्या पावसाच्या सट्ट्यापासून मोबाइलवरील रंगांच्या खेळापर्यंतचा प्रवास अधिक नीट उलगडतो. हरलेला माणूस कोठे थांबू शकला आणि कोठे थांबू शकला नाही, याचेही उत्तर त्याच्या मनोबलापेक्षा पुष्कळदा या मधल्या वेळातच सापडते.

पावसाचा सट्टा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायधुणीच्या परिसरात पावसाळ्याच्या महिन्यांत रंगत असे. त्याचे दोन प्रकार होते. ‘कलकत्ता मोरी’ या प्रकारात वाळूने भरलेल्या खास पेटीतून पावसाचे पाणी ठरलेल्या मुदतीत झिरपते की नाही यावर पैसा लागे, तर ‘लकडी सट्टा’ या प्रकारात ठराविक घरांच्या छपराची पन्हळ भरून वाहण्याइतका पाऊस पडतो की नाही यावर. आणि आभाळ भरून येईल किंवा निवळेल तसतसे सट्टेवाल्यांचे भाव खालीवर होत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची रचना जुगाराचा अड्डा आणि जुगाराचे साहित्य या दोन कल्पनांवर उभी होती, आणि पाऊस हे काही कोणाच्या अड्ड्यावरचे साहित्य नव्हे, अशी अडचण उद्भवल्यामुळे १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसावरील पैजही कायद्याच्या कक्षेत आणावी लागली. कायदेमंडळाला जे जमण्यास तीन वर्षे लागली ते निसर्ग दर वर्षी विनासायास करीत असे, हे येथे नोंदवण्यासारखे आहे: पावसाळा सरला की सट्टा आपोआप बंद पडे, आणि हरलेल्याला पुढच्या पावसाळ्यापर्यंत सक्तीची सुटी मिळे.

याच काळात दूरच्या बाजारातील भावांवर पैज लावण्याची पद्धतही मुंबईत रुजली. कलकत्त्याला सरकारी अफूचे लिलाव होत आणि तेथे निघणाऱ्या भावावर मुंबईत पैसा लागे. पुढे अफूची जागा कापसाने घेतली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने, नंतर टेलिप्रिंटरने, मुंबईच्या कापूस बाजारात येई आणि त्या भावातील आकड्यांवर सामान्य माणूसही पैसे लावी. यालाच ‘आकडा’ म्हणत. या खेळात ज्याने पैसा लावला त्याला कापसाच्या गाठीशी कर्तव्य नव्हते. त्याला हवा होता तो फक्त कोणीही मुंबईत बसून बदलू शकणार नाही असा एक अंक. न्यूयॉर्कचा बाजार उघडे तेव्हा मुंबईत रात्र झालेली असे, म्हणजे निकालाची वेळ अमेरिकेतील दलालांच्या घड्याळावर ठरे आणि सट्टेवाल्याची कितीही इच्छा असली तरी त्याला दिवसातून तिसरा भाव निर्माण करता येत नसे.

हे बंधन १९६१ मध्ये सुटले. न्यूयॉर्कहून भाव पाठवणे बंद झाले, आणि धंदा बुडू नये म्हणून काल्पनिक मालाचे भाव चिठ्ठ्यांवर लिहून त्या मडक्यातून काढण्याची युक्ती निघाली. तेव्हापासून खेळाला ‘मटका’ हे नाव चिकटले. कच्छमधून आलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आपला मटका सुरू केला, तर १९६४ मध्ये रतन खत्री यांनी ‘न्यू वरळी मटका’ काढला. पहिला आठवड्याचे सातही दिवस चाले, दुसरा रविवारी बंद असे. चिठ्ठ्या आणि मडके लवकरच मागे पडून पत्त्यांचा जोड आला, पण नाव तेच राहिले.

खेळाची रीत अशी होती. राजा, राणी आणि गुलाम वगळलेल्या पत्त्यांतून तीन पत्ते काढले जात. समजा ते तिर्री, छक्की आणि अठ्ठी निघाले, तर ३६८ हा ‘पाना’ झाला, त्यांची बेरीज १७ आणि तिचा शेवटचा अंक ७ हा ‘ओपन’ झाला. काही तासांनी पुन्हा तीन पत्ते निघत. ते १, ४ आणि ५ असले तर बेरीज १० आणि ‘क्लोज’ शून्य, म्हणजे त्या दिवसाची ‘जोडी’ ७०. खत्रींच्या मटक्यात ओपन रात्री नऊच्या सुमारास आणि क्लोज मध्यरात्री फुटे. एकेरी आकडा लागला तर साधारणतः रुपयाला नऊ आणि जोडी लागली तर रुपयाला नव्वद मिळत. वास्तविक एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक आणि जोडीची शंभरात एक असल्यामुळे, लागलेल्या प्रत्येक रुपयातील सरासरी दहा पैसे धंदेवाल्याकडे राहत. पत्ते कितीही प्रामाणिकपणे काढले तरी हा हिशेब बदलत नाही. तरीही मागील आकड्यांचे ‘चार्ट’ विकत घेऊन पुढचा आकडा काढण्याचा आणि स्वप्नात दिसलेल्या वस्तूवरून आकडा लावण्याचा उद्योग जोरात होता. ही केवळ अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नव्हे, कारण चार्ट वाचणाऱ्याला आपण नशिबावर नव्हे तर अभ्यासावर पैसे लावतो असे वाटे, आणि ‘कौशल्याचा खेळ’ या शब्दप्रयोगाने पुढील पिढीला जो दिलासा दिला त्याचे हे पूर्वरूप होते.

लालबाग-परळच्या गिरणगावात मटक्याने कमी संसार बुडवले नाहीत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहणारा पठाण सावकार, खानावळीचे थकलेले पैसे आणि कोकणातल्या घरी न पोचलेली मनिऑर्डर ही त्या बुडण्याची रोजची रूपे होती, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झाल्यावर तर गमावण्याजोगेही फारसे उरले नाही. तेव्हा जुन्या जुगाराविषयी हळवे होण्याचे कारण नाही. मात्र त्यात हरणाऱ्याच्या वाटेवर काही अडथळे न ठरवताही उभे होते, हे मान्य करावे लागते. पैसा रोख मोजून द्यावा लागे, म्हणजे तो खिशात असावा लागे. चिठ्ठी घेण्यासाठी नाक्यावर जावे लागे, म्हणजे चाळीतल्या कोणाच्या तरी नजरेस पडावे लागे. आणि ओपन हरल्यावर क्लोजसाठी थांबावे लागे, ज्या अवधीत माणूस जेवे, पाळीला जाई किंवा झोपी जाई. एखाद्याला पठाणाकडून कर्ज काढायचे झालेच, तर त्या सावकाराला घरच्यांनी फाटकावर पाहिलेले असे.

शासनाने या मधल्या वेळाचे महत्त्व पूर्णपणे ओळखले नव्हते असे नाही. महाराष्ट्राने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली ती मटक्याकडे जाणारा पैसा वळवण्याच्या अपेक्षेने, आणि केंद्राच्या १९९८ च्या लॉटरी कायद्याने एकेरी अंकावर बक्षीस देण्यास मनाई करून कोणत्याही लॉटरीची आठवड्याला एकाहून अधिक सोडत नसावी अशी अट घातली. ही दोन्ही कलमे मटक्याची नाडी ओळखून लिहिलेली आहेत: एकेरी अंक सोपा असतो म्हणून वर्ज्य, आणि सोडत जवळ असते म्हणून लांबवायची. व्यवहारात मात्र लॉटरीच्या योजना वाढवल्या की सोडती वाढतात, आणि या शतकाच्या आरंभी ऑनलाइन लॉटरीची दुकाने उघडली तेव्हा दर पंधरा मिनिटांनी निकाल पाहण्याची सवय शहरांतल्या नाक्यानाक्यांवर लागली.

हा मधला वेळ आकसण्याची दुसरी वाट न्यायालयांतून निघाली. १८८७ च्या कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, असे ठामपणे सांगितले, परंतु ज्या स्पर्धांत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांना वेगळे काढले; आणि दहा वर्षांनी दुसऱ्या एका खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. क्लबात चार माणसे समोरासमोर बसून खेळत असलेल्या रमीविषयीचा तो निर्णय पुढे मोबाइलवर अनोळखी माणसांशी रात्रभर चालणाऱ्या रमीची ढाल बनला. पानांतील कौशल्य दोन्हीकडे सारखेच होते, हे खरे. बदलला तो डावांमधला अवकाश, आणि तो कायद्याच्या कसोटीत कोठेच बसत नव्हता.

२०१६ हे वर्ष या इतिहासात निर्णायक मानावे लागते, कारण त्याच वर्षी यूपीआय, म्हणजे मोबाइलवरून बँक खात्यातील पैसे तत्काळ हलवण्याची व्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी इंटरनेटचा डेटा स्वस्त झाला. रोख पैसा, नाका आणि प्रतीक्षा हे तिन्ही अडथळे एकदम नाहीसे झाले. त्याचा परिणाम लाल-हिरव्या रंगावर पैसे लावण्याच्या खेळात सर्वांत उघड दिसतो. हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी दर वेळी दुप्पट लावायची, एकदा जिंकले की सगळे वसूल, हा सट्ट्यातील सर्वांत जुना सल्ला आहे. दहा रुपयांपासून आरंभ केल्यास सलग नऊ डाव हरल्यावर ५,११० रुपये गेलेले असतात आणि दहावा डाव ५,१२० रुपयांचा असतो, तोही फक्त दहा रुपयांच्या नफ्यासाठी. खेळ प्रामाणिक धरला तरी असे सलग नऊ पराभव सरासरी १,०२२ निकालांत एकदा येतात. दिवसाला दोन निकाल देणाऱ्या मटक्यात १,०२२ निकाल लागण्यास ५११ दिवस लागले असते, तर मिनिटाला एक निकाल देणाऱ्या खेळात त्याला सुमारे सतरा तास पुरतात. शिवाय मटक्यात नऊ निकाल हरण्यास चार-पाच दिवस लागत आणि त्या दिवसांत शुद्धीवर येण्याची संधी असे. मोबाइलवर ते नऊ मिनिटांत आटोपते.

गेलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, ज्याला खेळणारे ‘लॉस कव्हर करणे’ किंवा ‘रिकव्हरी’ म्हणतात, ते व्यसनाचे एक प्रमुख लक्षण असल्याचे आधुनिक मनोविकारशास्त्रही मानते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अनावर जुगाराला प्रथम आजार म्हणून नोंदवले आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले. निदानासाठी दिलेल्या नऊ लक्षणांपैकी बारा महिन्यांत चार आढळली तर आजार धरला जातो. परंतु त्यांतील तीन, म्हणजे लावण्याची रक्कम वाढत जाणे, गेलेल्या पैशामागे धावणे आणि घरच्यांशी खोटे बोलणे, ही चारचा आकडा पुरा होण्याआधीही दिसू शकतात आणि थांबण्याची सोपी वेळ तीच असते. ऋग्वेदातील अक्षसूक्तामधला जुगारी पुन्हा खेळायला जाणार नाही असा निश्चय करतो आणि फाशांचा आवाज ऐकताच निघतो. निश्चयावर विसंबणे किती अपुरे, हे तेव्हाही ठाऊक होते.

म्हणूनच आज समुपदेशक सुचवतात ते उपाय पाहिले, तर नाहीसे झालेले जुने अडथळे हाताने पुन्हा उभे करणे असेच त्यांचे स्वरूप दिसते. पगाराचे खाते काही काळ पत्नीच्या, आईच्या किंवा भावाच्या देखरेखीखाली देणे, यूपीआयची दैनिक मर्यादा बँकेतून कमी करून घेणे, ॲपमध्ये जतन केलेली कार्डे पुसणे, यांतून रोख पैसा मोजून देण्याचा उशीर परत येतो. एका विश्वासू माणसाला गेलेली पूर्ण रक्कम सांगणे, यातून नाक्यावरची ती नजर परत येते. गेलेला पैसा गेला असे धरून तो हिशेबात खर्च म्हणून लिहिणे हे यांतले सर्वांत अवघड काम आहे, कारण तो ‘अडकलेला’ पैसा आहे असे वाटते तोवर पुढचा डाव थांबत नाही. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून समुपदेशनासाठी उपलब्ध आहे. गोव्याने हाच अडथळा कायद्याने उभारून पाहिला: मांडवीतील कॅसिनोंची दारे १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांसाठी बंद झाली. पर्यटकाचा पैसा चालतो, घरचा बुडता कामा नये, हे धोरण नैतिकदृष्ट्या कितपत शोभते हा प्रश्न वेगळा. पण अंतर हे औषध आहे, एवढे त्या सरकारला कळले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि कौशल्य की नशीब हा सत्तर वर्षांचा वाद एका फटक्यात बाजूला सारला. असे खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. १८८७ च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेला माणूसही गुन्हेगार होता, त्यामुळे हरलेला माणूस तोंड उघडण्यास धजत नसे. ती भीती या खेळांपुरती आता उरलेली नाही.

कर्जाचा प्रश्न मात्र या कायद्याने सुटत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक असतो, आणि मुंबई इलाख्यात तर १८६५ पासूनच पैजेला जोडून केलेल्या व्यवहारांचाही दावा न्यायालयात चालत नसे. परंतु आजचा हरलेला माणूस बुकीचे देणे लागत नाही. तो झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे देणे लागतो, ज्याने पैसे कशासाठी हवेत हे विचारलेलेच नसते, आणि म्हणून ते कर्ज कायद्याने पक्के ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांनी अशा डिजिटल कर्जासाठी पुनर्विचाराची मुदत सक्तीची केली असून, २०२५ च्या निर्देशांप्रमाणे ती किमान एक दिवसाची असावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार परत केला, तर मुदतपूर्व फेडीचा दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येते, मात्र त्यासाठी ती रक्कम तोवर खेळात गेलेली नसावी लागते.