सावली शिवणाऱ्या बाया



यंदा उन्हाळा लागायच्या आधी आमच्या गटाकडे एक वेगळंच काम आलं. तालुक्याच्या गावातला एक दुकानदार गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा घेऊन आला. गाडी उन्हात उभी असली की हा पडदा काचेला लावायचा, निघताना काढून ठेवायचा. "असे शिवून द्याल का? सामान माझं, नगाला दहा रुपये," तो म्हणाला. आम्ही म्हटलं, दहा फार कमी होतात. तो हसला. "ताई, चार बाजू तर शिवायच्या. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकीनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आम्ही त्याला आठ दिवसांनी सांगतो म्हटलं आणि त्या चंदेरी कापडाची माहिती काढायला बसलो. माहिती काढता काढता गोष्ट निघाली ती थेट स्कायलॅबची. नाव घेताच गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "म्हणजे ते आभाळातून पडणारं?"

हो, तेच. १९७९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची ही अंतराळातली प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार अशी बातमी होती. कुठे पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. पेरणीच्या दिवसांत माणसं वर बघत चालायची, असं त्या सांगतात. ११ जुलै १९७९ ला ती पडली. बरेच तुकडे हिंदी महासागरात गेले, काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. आपल्याकडे काही झालं नाही. लोक सुटलो म्हणाले आणि विसरून गेले.

पण या स्कायलॅबचा जीव त्याच्या सहा वर्षं आधी एका पडद्यानं वाचवला होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

१४ मे १९७३ ला स्कायलॅब अमेरिकेतल्या फ्लोरिडामधून आकाशात गेली. तिच्यात माणसं नव्हती. तीन अंतराळवीर दुसऱ्या दिवशी मागून जाणार होते. उड्डाणानंतर जेमतेम एका मिनिटात तिच्या अंगावरचं एक पातळ कवच उखडून निघून गेलं. बारीक उल्कांचा मारा अडवायला ते लावलेलं होतं आणि उन्हापासून बचावही तेच करणार होतं. त्यापायी वीज तयार करणारा एक मोठा पंखही तुटून गेला. दुसरा पंख एका पट्टीत अडकून बसला.

आता ऊन सरळ उघड्या अंगावर. आतलं तापमान चढत चढत ५० अंशांच्या वर गेलं. आत कित्येक महिन्यांचं अन्न होतं, औषधं होती, फोटोच्या फिल्म होत्या. भिंतीतला फोम तापून विषारी वायू सोडेल, अशीही भीती होती. तोंड सूर्याकडे केलं तर वीज मिळायची पण भट्टी व्हायची. तोंड फिरवलं तर गारवा यायचा पण वीज जायची. बाजाराच्या दिवशी गाडी कुठल्या कडेला लावावी म्हणून ड्रायव्हर पुढे-मागे करत राहतो ना, तसं खालची माणसं त्या प्रयोगशाळेला दिवसरात्र वळवत राहिली.

अंतराळवीरांचं जाणं पुढे ढकललं. २५ मे ही नवी तारीख ठरली. म्हणजे हातात अकरा दिवस, आणि त्यात सावली तयार करायची. ती घडी होऊन छोट्या यानातून जायला हवी, आणि वर गेल्यावर उघडायला हवी.

नासा या त्यांच्या अंतराळ संस्थेनं एकाच वेळी तीन तऱ्हा करायला घेतल्या. एक फसली तर दुसरी हाताशी हवी. त्यातली एक होती छत्री. ती सुचली जॅक किन्झलर यांना. ते ह्यूस्टनच्या केंद्रात कारागिरांच्या विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती, शिकाऊ कारागीर म्हणून ते कामाला लागले होते. मासे धरायच्या, एकात एक सरकणाऱ्या काठ्या त्यांनी बाजारातून आणवल्या, त्यांना कापड बांधलं आणि साहेबांना छत्री उघडून दाखवली. दुसऱ्या दोन तऱ्हा जहाजाच्या शिडासारख्या होत्या. त्यातल्या एकीचं काम अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या केंद्रात चाललं होतं.

तिन्हींना लागणारी एक गोष्ट सारखी होती : शिवण.

नासाचं त्या मे महिन्यातलं एक छायाचित्र आहे. लांबच लांब कापड पसरलंय, काही जणं ते सांभाळतायत, आणि दोन सुयांच्या सिंगर मशीनवर एक बाई बसली आहे. तिचं नाव अलीन बेकर. फोटोखाली ते छापलेलं आहे. शेजारी एलिझाबेथ गॉल्डिन नावाच्या दुसऱ्या बाई आहेत. शिडाचा पहिला तुकडा जोडला जातोय. आम्ही तो फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला. बेकरबाईंचे हात आपल्यासारखेच कापडावर आहेत. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "अगं, हिच्याही मागे कापड धरायला माणूस लागतंच की!"

ते कापड सोपं नव्हतं. नायलॉनला प्लास्टिकची अतिशय पातळ फिल्म चिकटवलेली, आणि फिल्मवर अॅल्युमिनियमचा मुलामा. चिप्सच्या पुड्याच्या आतली चंदेरी बाजू असते, त्याच जातीची वस्तू. मशीनखाली ती घसरते आणि चुकलेला टाका उसवला की भोक कायमचं राहतं.

२६ मे ला छत्री बाहेर काढली. प्रयोगशाळेच्या भिंतीत उपकरणं बाहेर सरकवायला जेमतेम वीतभर रुंदीची खिडकी होती. मिटलेली छत्री तिच्यातून काठीनं ढकलली आणि बाहेर ती उघडली. साधारण २२ फूट बाय २४ फूट. थोडी सुरकुतलेली, पण सावली पडली. आतलं तापमान उतरू लागलं, आणि काही दिवसांत माणसाला राहता येईल इतकं झालं. पहिले तिघे तिथे २८ दिवस राहिले. दुसरे तिघे गेले तेव्हा त्यांनी ऑगस्टमध्ये छत्रीच्या वरून हंट्सव्हिलचं शीड चढवलं, कारण कडक उन्हानं छत्रीचं नायलॉन विरण्याची भीती होती. ते ५९ दिवस राहिले, तिसरे तिघे ८४ दिवस. किन्झलर यांना नासाचं मोठं पदक मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण टाके घालणाऱ्या हातांचं नाव एका फोटोखालच्या ओळीत राहिलं. तेवढं तरी राहिलं, हेही खरं.

आता आपल्या गाडीकडे येऊ. स्कायलॅबची सावली बाहेरून होती, म्हणून ऊन अंगाला लागायच्या आधीच अडत होतं. आपली सावली काचेच्या आत असते. म्हणजे ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. ते आल्या वाटेनं परत पाठवायचं, तर चकाकती बाजू काचेकडेच हवी. काळं कापड लावलं तर ऊन दिसत नाही, पण कापड स्वतःच तापून गाडीत ऊब सोडत राहतं. पूर्वी लोक काचांना काळी फिल्म चिकटवायचे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा फिल्मना मनाई केली. काढता-घालता येणारा पडदा हा त्यापेक्षा साधा उपाय.

घरी करायचा असेल तर असं करा. पत्र्याखाली लावतात ती चंदेरी शीट घ्या. वर्तमानपत्रं चिकटवून काचेवर ठेवा आणि रबरापर्यंत माप काढा. कागद मधोमध दुमडून दोन्ही बाजू सारख्या करा, ब्लाउज बेततो तशा. मधल्या आरशासाठी वर खाच ठेवा. कडेला जुन्या सुती साडीची उरेब पट्टी लावा. टाका लांब ठेवा, बारीक टाक्यानं शीट शिवणीवरच फाटते. लावताना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या दोन झडपा खाली ओढल्या की पडदा जागेवर राहतो. आणि एक गोष्ट विसरू नका : पडदा लावला तरी बंद गाडीत लेकराला क्षणभरही एकटं ठेवायचं नाही. पडद्यानं स्टिअरिंग आणि सीट कमी तापतात, पण गाडी माणसाला बसण्याजोगी थंड होत नाही.

आठ दिवसांत आम्ही घड्याळ लावून असे पडदे करून पाहिले. माप, कापणं, पट्टी, शिवण मिळून एका नगाला पाऊण तास लागला. दहा रुपयांनी तासाची मजुरी तेरा-चौदा रुपये पडत होती. आम्ही वहीत सगळं मांडलं आणि नगाला चाळीस रुपये सांगितले. दुकानदार पुन्हा म्हणाला, त्यात काय एवढं. आम्ही त्याला बेकरबाईंचा फोटो दाखवला. त्यानं तो पाहिला, वही पाहिली. चाळीसवर आला नाही, पस्तीसवर आला. पुढच्या हंगामात पुन्हा बोलू, असं ठरलं.

प्रत्येक पडद्याच्या आतल्या कडेला आता आम्ही एक छोटी पट्टी शिवतो. तिच्यावर गटाचं नाव असतं, आणि ज्या बाईनं तो शिवला तिचंही.