‘महल’मधला दुरून आलेला आवाज

जोगेश्वरीत कमालिस्तान स्टुडिओ उभारणाऱ्या कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट मात्र गोरेगावपलीकडे, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये झाला: १९४९ सालचा ‘महल’. पडका वाडा, गतजन्मीची प्रीती, नायिका सोळा वर्षांची मधुबाला. जर्मन छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग यांनी अंधार असा टिपला, की झोपाळ्यावरची ती बाई खरी की भास, हे अशोककुमारप्रमाणे प्रेक्षकालाही उमगेना.

पण मला विचाराल तर भीतीचे मर्म आवाजात होते. गाणारी दुरून जवळ येते आहे, हे ध्वनिमुद्रणात आणायचे कसे? खोलीच्या मधोमध मायक्रोफोन ठेवला, आणि विशीच्या उंबरठ्यावरची लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात, पाऊल पाऊल टाकीत त्याच्यापाशी आली. करामत यंत्राची नव्हे, चालण्याची!

एवढे करून ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर नाव कुणाचे? ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे! मास्टर दीनानाथांची लेक स्वतःच अदृश्य झाली म्हणा ना. ही गाणारी कोण, असे श्रोते रेडिओला विचारू लागले, तेव्हा कुठे खरे नाव बाहेर आले. चाल बांधणारे खेमचंद प्रकाश मात्र अकालीच वारले.