रेमिंग्टन : कर्ज, मालकी आणि नाव

मराठी वाचकास ‘रेमिंग्टन’ हे नाव प्रामुख्याने टंकलेखन-यंत्रामुळे परिचित आहे. वस्तुतः ते मूळचे बंदुकांचे नाव होय. एलिफॅलेट रेमिंग्टन यांनी इ. स. १८१६ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बंदुका घडविण्यास आरंभ केला. पुढे इलियन येथील कारखान्यात १८७३ पासून टंकयंत्रेही तयार होऊ लागली. १८८६ मध्ये आर्थिक अडचणींमुळे टंकयंत्रांचा व्यवसाय विकावा लागला आणि १८८८ मध्ये बंदुकांचा कारखानाही रेमिंग्टन घराण्याच्या हातून गेला.

या कारखान्याच्या अलीकडील ऱ्हासाची मीमांसा करताना त्याच्या मालकीचे स्वरूप पाहणे अगत्याचे आहे. २००७ मध्ये सर्बेरस या खाजगी गुंतवणूक संस्थेने तो विकत घेतला. अशा संस्था निवृत्तिनिधी आदींचा पैसा एकत्र करून उद्योग खरेदी करतात व काही वर्षांनी नफ्याने विकतात. मात्र त्यासाठी काढलेल्या कर्जाचा भार बहुधा त्या उद्योगावरच पडतो. बुशमास्टर, मार्लिन इत्यादी कंपन्या रेमिंग्टनसह एका समूहात आणण्यात आल्या. २०१० मध्ये या समूहाच्या धारक कंपनीने २२.५ कोटी डॉलरचे रोखे काढले. त्या रकमेचा मोठा भाग सर्बेरसकडील अधिमान्य भागांच्या परतफेडीस लागला. मालकाचे भांडवल सुटले. कर्ज मात्र मागे राहिले.

कर्जाचे व्याज ठराविक असते, परंतु अमेरिकेतील बंदुकांची मागणी राजकीय भीतीनुसार चढते-उतरते. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक येथील शाळेत २० बालके व ६ प्रौढ मारले गेले. त्या हत्याकांडात बुशमास्टर रायफल वापरली गेली होती. चारच दिवसांत सर्बेरसने समूह विकण्याचा मनोदय जाहीर केला, पण विक्री घडून आली नाही. उलट, नव्या निर्बंधांच्या धास्तीने बंदुकांचा खप वाढला. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर ती धास्ती ओसरली आणि खप घसरला. मार्च २०१८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला व मालकी धनकोंकडे गेली.

२०२० मध्ये दुसरी दिवाळखोरी झाली आणि समूहाचे तुकडे विकले गेले. मार्लिन रुगर कंपनीने घेतली. काडतुसांचा व्यवसाय व व्यापारचिन्ह व्हिस्टा कंपनीकडे, तर इलियनचा कारखाना राउंडहिल या गटाकडे गेला. इलियनमधील पाचशेहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या संपल्या. काही काळ काम पुन्हा सुरू झाले, तथापि मार्च २०२४ मध्ये तेथील कारखाना कायमचा बंद झाला. तत्पूर्वी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सँडी हुक येथील नऊ कुटुंबांना ७.३ कोटी डॉलर देण्याचे मान्य झाले. ही रक्कम विमा कंपन्यांनी द्यावयाची होती.

या ऱ्हासाचे खापर केवळ खपाच्या घसरणीवर फोडणे सयुक्तिक ठरणार नाही. मागणीचे चढउतार या धंद्यास नवे नव्हते. ते सोसण्याचे बळ कर्जाने हिरावून घेतले. १८८६ प्रमाणेच २०२० मध्येही नाव विकले गेले आणि टिकले. ज्या गावाने सुमारे दोन शतके त्या नावास अर्थ दिला, त्या इलियनच्या वाट्यास मात्र त्यातील काहीच उरले नाही.