आयची आवणी, सुनेची लोकल

गेल्या आषाढात माझ्या हातून भात करपला.

पन्नास वर्षं मी भात पिकवतोय. राब भाजणं, पेरणं, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी, सगळं ह्या हातांनी केलं. पण पिकवलेला भात शिजवायची पाळी साठी उलटल्यावर पहिल्यांदा आली, आणि टोपाच्या बुडाला काळी खापरी धरली. बायको न्हाणीत घसरून मनगट मोडून बसली होती, मुलगा पाळीला, सून मुंबईला कामावर. घरात मी आणि पाच वर्षांची नात. नात नाक धरून हसली. बायको ओटीवरून म्हणाली, "खाचरात पाणी बरोबर बांधता, मग टोपात कसं चुकलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या करपलेल्या भातापायी मी मागचा हिशेब काढायला बसलो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, हे काही मोठं संशोधन नाही. पण आमच्या घरातल्या चार बायका, आजी, आय, बायको आणि सून, ह्यांची कामं एका ओळीत मांडली तर शहाड-कल्याणच्या पट्ट्याचा शंभरेक वर्षांचा इतिहास त्यात येतो. पुरुषांचा इतिहास कारखान्याच्या भोंग्यावर लिहिलेला आहे. बायकांचा कुणी लिहिला नाही.

आजीपासून सुरुवात करतो. आजीच्या लग्नात आजोबांच्या घरून तिच्या बापाला देज दिलं होतं. आमच्या आगरी समाजात, आणि आसपासच्या बऱ्याच कष्टकरी जातींत, तेव्हा तशीच रीत. मुलाकडच्यांनी द्यायचं, मुलीकडच्यांनी घ्यायचं. आणि लग्न लावायला धवलारीण, म्हणजे बाईच. तिनं धवळे म्हटले की लग्न लागलं. आता कुणी म्हणेल, बाईची किंमत करणं वाईटच. खरं आहे. पण त्या देजात एक गोष्ट सगळ्यांना कबूल होती, की मुलगी गेली म्हणजे त्या घरातले कामाचे दोन हात गेले आणि दुसऱ्या घराला मिळाले. तिच्या कामाला मोल होतं. ते मोल तिच्या हातात पडत नव्हतं, बापाच्या हातात पडत होतं, एवढं मात्र विसरू नये.

आयचं आयुष्य मी डोळ्यांनी पाहिलं. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्याची घरघर सुरू व्हायची. मग नदीवरून पाणी, चूल, भाकरी, गुरांचं शेण, आणि उजाडता उजाडता शेत. आमची खाचरं म्हारळच्या बाजूला. नांगर आणि चिखलणी बाप्यांची, आवणी बायांची. चिखलणी दोन-चार दिवसांत उरकते. आवणी पंधरा-वीस दिवस चालते आणि ती सगळी कंबरेत वाकून. पाठीवर इरलं, वरून पाऊस, खाली गुडघाभर चिखल. माझ्या धाकट्या बहिणीला आय बांधावरच्या झाडाला झोळी बांधून निजवायची. मूल रडलं की चिखलाचे हात इरल्याच्या पाण्याखाली धुऊन पाजायची आणि परत ओळीत उभी राहायची. हल्ली लोक म्हणतात, नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणं ही शिकलेल्या बायकांची नवी अडचण आहे. माझ्या आयनं हे वाक्य ऐकलं असतं तर ती हसली असती.

दिवाळीनंतर वाल, काकडी, भेंडी. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन ती कल्याणच्या बाजारात चालत जायची. पैसे कनवटीला लावून आणायची आणि आल्या आल्या बाबांच्या हातात द्यायची. ह्यात काही वेगळं आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं.

माझ्या जन्माच्या आधीच, पन्नाशीच्या दशकात, शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना उभा राहिला होता. पलीकडे मोहोन्याला दुसरा. शेजारी फाळणीतून आलेल्या सिंधी लोकांच्या छावण्यांचं 1949 साली उल्हासनगर झालं होतं. त्या छावण्यांत बायका घरी पापड लाटत आणि पोरं ते विकत, असं आय सांगायची. "आपल्यासारखीच," म्हणायची, "फक्त चिखल नाय."

कारखान्यानं आमचं गाव बदललं. माझा थोरला चुलता कामाला लागला, मग मामा, मग शेजारचे दोघे. पगार आला, सायकल आली, भिंतीवर घड्याळ आलं. पण त्या फाटकातून आमच्या घरची एकही बाई कामाला गेली नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालणारा, आणि 1948 च्या कारखाने कायद्यानं बायकांना रात्रीच्या कामाला मनाई. कायदा त्यांच्या भल्यासाठीच केलेला. मुंबईच्या कापडगिरण्यांतही हेच झालं होतं. शंभर वर्षांपूर्वी तिथं साधारण पाच कामगारांत एक बाई होती. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, देशातला पहिला. डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं कौन्सिलात भाषण केलं होतं. कायदा चांगलाच होता. पण बाई ठेवली की रजा द्यावी लागते, पाळणाघर ठेवावं लागतं, रात्री बोलावता येत नाही, असा हिशेब मालकांनी केला आणि हळूहळू बायका कमी होत गेल्या. दोष कायद्याचा नव्हे. मूल वाढवणं हे एकट्या बाईचंच काम, असं सगळ्यांनी धरून ठेवलं त्याचा तो दोष.

कारखान्यानं आणखी एक उलथापालथ केली. पगारदार नवरा मिळणार म्हटल्यावर देज गेलं आणि हुंडा आला. आजीसाठी आजोबांकडच्यांनी पैसे दिले, आणि माझ्या मोठ्या बहिणीसाठी बाबांनी एक शेत गहाण टाकलं. एकाच घरात, दोन पिढ्यांत. बहिणीचं काम काही कमी झालं नव्हतं. बाप्ये पाळीला गेल्यावर शेताचा भार बायांवर वाढलाच होता. पण पैसा पाकिटात येऊ लागला आणि जे पाकिटात येत नाही ते काम मोजायचं लोकांनी बंद केलं.

मी स्वतः काही वेगळा नव्हतो. स्त्री-पुरुषाला सारख्या कामाला सारखी मजुरी, असा कायदा 1976 साली झाला. तो आमच्या बांधावर कधी पोचला नाही. आवणीला मी बायांना बाप्यांपेक्षा कमीच मजुरी दिली, वर्षानुवर्षं. कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, "रीतच हाय."

आता जे लिहायचं ते जरा जड आहे.

माझी बायको नववी झालेली. आमचं लग्न झालं तेव्हा गावात तिच्याइतकी शिकलेली सून दुसरी नव्हती. अंगणवाडीची योजना 1975 साली देशात सुरू झाली आणि पुढं काही वर्षांनी आमच्या बाजूला एका गावात सेविकेची जागा निघाली. तिनं मला न विचारता अर्ज केला आणि निवड झाली. मानधन फार नव्हतं. मी म्हणालो, "पोरगा दोन वर्षांचा, आय थकलेली, आवणी तोंडावर. लोकांची पोरं सांभाळायला जाशील आणि आपलं कोण सांभाळेल?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी इरलं घेऊन शेतावर आली. मला वाटलं, विषय संपला.

कल्याण आमच्यापासून एक स्टेशन. तिथली आनंदीबाई जोशी, भारतातली पहिली डॉक्टर बाई, आम्ही शाळेत शिकलो. 1865 चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. तेव्हा तिनं डॉक्टर व्हायचं धरलं. 1883 साली बोटीनं अमेरिकेला गेली, 1886 साली पदवी घेतली आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, क्षयानं गेली. तिचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून. अभ्यास सोडून ती चुलीपाशी दिसली की ते संतापायचे, मारायचेसुद्धा, असं सांगतात. मी लहानपणी हे ऐकून थक्क झालो होतो. बायको स्वयंपाक करते म्हणून मारणारा नवरा! आता वाटतं, गोपाळराव तिला चुलीपासून ओढत होते आणि मी माझ्या बायकोला चुलीकडं ढकलत होतो. ते मोठे आणि मी लहान, हे खरंच. पण ठरवणारे दोन्हीकडं आम्हीच. बाईला काय पाहिजे हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सून आली ती बी.कॉम. झालेली, मुंबईत हिशेबाचं काम करणारी. रेल्वे कल्याणला 1854 साली आली, पण आमच्या घरची बाई रोज तिकीट काढून कामाला जायला दीडशेच्या वर वर्षं लागली. बायकांची स्वतंत्र लोकल पश्चिम रेल्वेवर 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवर कल्याणसाठीही सुरू झाली. शहाडहून कसाऱ्याकडून भरून आलेली गाडी धरायची, कल्याणला बदलायची, आणि पुढं तास-दीड तास. संध्याकाळी परतताना बायका डब्यात भाजी निवडतात, वाटाणे सोलतात, हे सुनेनं सांगितलं तेव्हा मला आयची झोळी आठवली. जागा बदलली, पण एका हातानं घर आणि दुसऱ्या हातानं कमाई हे तसंच राहिलं.

नात झाली तेव्हा सुनेला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. 2017 च्या आधी ती बाराच आठवड्यांची होती. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं असंही त्या कायद्यात आहे, पण तिच्या ऑफिसात तेवढी माणसंच नाहीत. रजा संपत आली. एका रात्री जेवताना मी म्हणालो, "बाय, पोर लहान हाय. दोन वर्षं नोकरी सोड. पैशाचं बघू आपण."

सून ताटाकडं बघत राहिली. मुलगा गप्प. बोलली ती माझी बायको. "मला पण दोन वर्षंच म्हणाला होतात."

मी ते म्हणालो होतो हे मला आठवतही नव्हतं. तिला पस्तीस वर्षं आठवत होतं. ती पुढं म्हणाली, "पोरीला मी सांभाळीन. पण मी एकटी नाय सांभाळणार. तुम्हीपण." मग तिनं भाकरी वाढली. भांडण झालं नाही. झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

सून कामावर गेली. नातीला खेळवणं, बालवाडीत सोडणं, आणणं माझ्याकडं आलं. पण चूल दोघींकडंच राहिली होती. ती माझ्याकडं आली बायकोचं मनगट मोडल्यावर. तेव्हा मी शेताच्या वहीत मागच्या पानावर आठवडाभर टाचण ठेवलं. सून पहाटे साडेचारला उठते, रात्री अकराला पाठ टेकते. प्रवास आणि ऑफिस सोडून घरचं काम दिवसाला साडेचार तास. माझं, भात करपवण्यासकट, दीड तास. मुलाचं पाऊण तास. केंद्र सरकारनं 2019 साली देशभर वेळेची अशीच पाहणी केली होती. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष 97. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात 26 आणि बाया 81. आमचं घर त्या आकड्यांत चपखल बसतं. मुलाला वही दाखवली. तो काही बोलला नाही, पण आता रात्रीची भांडी तो घासतो. रोज नाही. बऱ्याचदा.

बायकोचं मनगट बरं झालं. दुपारचा भात मात्र मी माझ्याकडं ठेवला. आता करपत नाही.

एक हिशेब राहिलाय. 1986 साली चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला थोडा तुकडा राजीखुशीनं बायकोच्या नावावर करावा. हजारो शेतकऱ्यांनी केला. मी पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. आमच्याकडं जमिनीचे भाव चढत होते, म्हटलं बघू पुढं. रस्ते आले, इमारती आल्या, जमीन विकत विकत वीस गुंठे उरली. सातबाऱ्यावर एकटं माझं नाव आहे. त्या वीस गुंठ्यांत माझ्यापेक्षा जास्त वेळ वाकून उभी राहिली ती बायको.

आवणी उरकली की तलाठ्याकडं जाऊन तिचं नाव लावायचं मी ठरवलंय. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी दोनदा ठरवून मागं फिरलोय. आता लिहून ठेवलंय आणि हे छापलं जाणार आहे. सून वाचेल, आणि तिला वाचून दाखवील.